कानोसा

सर्जेराव चौगुले भर मंचावर सम्मेद मगदूमच्या पाया पडले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. नास्तिकांच्या मेळाव्यात कुणी कुणाच्या पाया पडावं, यापेक्षा मोठा विनोद त्या वर्षी सांगलीत झाला नसेल. चौगुल्यांनीही जीभ चावली. "चुकून वाकलो ओ," ते माइकमध्ये म्हणाले, "साठ वर्सांची सवय हाय." मग आणखी हशा, आणखी टाळ्या. सम्मेदने त्यांना खांद्याला धरून उभं केलं, मिठी मारली आणि मानाचं म्हणून दरवर्षी देतात ते पितळी मुठीचं भिंग त्यांच्या हातात ठेवलं.

हसण्यात तोही सामील होता. आतून मात्र तो शरमेने अर्धा झाला होता, आणि त्याचा पाया पडण्याशी काही संबंध नव्हता.

चौगुले एसटीतून निवृत्त झालेले चालक. आडदांड देह, आवाज मात्र मऊ. भिंग मिळायच्या आधी त्यांनी आपली हकिगत सांगितली होती. "माझी मंडळी, छाया, गेल्या साली गेली. कॅन्सर. शेवटाला तिचं एकच चाललेलं, माहेरच्या मरगुबाईच्या देवळात एकदा घेऊन चला. गाडीनं अर्ध्या दिवसाचं काम. मी ब्लॉगवर सम्मेददादांना विचारलं, काय करू. दादांनी त्यावर पॉडकास्टचा अख्खा भाग केला. आम्ही दोघं बी ऐकायचो, आपापल्या कानात. दादा म्हणाले, माणूस एकदा वाकला की वाकतच जातो. त्या दिवशी मन घट्ट केलं. नाही नेलं. लई रडली, पण मी हललो नाही."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले.

सम्मेदला तो भाग चांगला आठवत होता. ते वाक्य त्याचंच होतं. पण त्याच्या पाठोपाठ त्याने दुसरंही म्हटलं होतं: 'म्हणून तिला नाही म्हणू नका. घेऊन जा तिला. श्रद्धा तिची आहे, सोबत तुमची आहे. सोबत जाणं म्हणजे वाकणं नव्हे.' त्या भागाचा सगळा मथितार्थ तोच होता. पहिलं वाक्य नुसतं तिथवर पोहोचायची पायरी होती.

माइक त्याच्या हातात होता. तो तिथल्या तिथे सांगू शकला असता. हजारभर माणसांसमोर या बिचाऱ्याला कशाला तोंडघशी पाडायचं, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं. टाळ्या गोड लागत होत्या. म्हणून त्याने एका मरणाऱ्या बाईला नाही म्हटल्याबद्दल तिच्या नवऱ्याला भिंग दिलं, आणि फोटोसाठी हसला.

या सगळ्याची सुरुवात मिरजेतल्या एका गाद्यांच्या दुकानात झाली होती. दुकान सम्मेदच्या मेव्हण्याचं. मागच्या खोलीत कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या भिंतींना लावून ठेवलेल्या असत, आणि त्यामुळे तिथे आवाज अजिबात घुमत नाही, हा शोध सम्मेदला रिक्षावरच्या जाहिराती ध्वनिमुद्रित करताना लागला. 'साड्यांचा महासेल, सहकुटुंब या' हे सांगली-मिरजेच्या गल्लीबोळांनी ऐकलेलं त्याच्याच गळ्यातलं. आईवडिलांनी मोठ्या भक्तीने जैनांच्या सम्मेद शिखरजी पर्वताचं नाव पोराला ठेवलं, आणि पोरगा निघाला नास्तिक. त्याला जोडीदार मिळाली रेहाना मुजावर, ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी. एक तीर्थाच्या नावाचा, एक दर्ग्याच्या आडनावाची. दोघांनी मिळून 'पुरावा काय?' नावाचा पॉडकास्ट सुरू केला आणि त्याच नावाचा ब्लॉग. बोलायचं त्याने, लिहायचं आणि तपासायचं तिने.

तपासायची त्यांची एक रीत होती. तिला ते झाकली चाचणी म्हणत. कुणा बाबाचा मंतरलेला दोरा हाती आला, की रेहाना तसाच साधा दोरा आणायची, दोन्ही सारख्या डब्यांत घालायची, आणि कुठल्या डबीत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही अशी व्यवस्था करायची. मग कुणाची सांधेदुखी कशाने थांबते ते बघायचं. बाबांचं यावर ठरलेलं उत्तर असे: तपासायला बसलं की शक्ती निघून जाते. सम्मेद या उत्तराची नक्कल अशी हुबेहूब करायचा, की बाहेर दुकानात गादी घ्यायला आलेली गिऱ्हाइकंही हसत.

हे सगळं झकास चालायचं, पण समुदाय काही वाढेना. ब्लॉगखालच्या प्रतिक्रिया म्हणजे भाजी मंडई. 'तुमचं तिसरं वाक्य दुसऱ्याच्या विरुद्ध जातं.' 'आकडा कुठून आणला?' 'देव नाही हे मान्य, पण तुम्ही फार शिष्ट बोलता.' रेहाना या भांडणांवर खूश असायची. सम्मेद थकला होता. लोक भांडायला येतात, राहायला कुणी येत नाही, असं तो म्हणायचा. कुठल्याही महाराजाच्या सत्संगाला मैदान भरतं आणि विवेकाच्या गोष्टीला गाद्यांची खोलीही भरत नाही, हे त्याला मनापासून लागायचं.

अशात पुण्याच्या एका नव्या कंपनीने 'कानोसा' आणला.

तोवर इअरबड नुसते ऐकवण्यापुरते उरले नव्हते. कानाच्या नळीत नाडी लागते, शरीराची ऊब कळते, आणि कातडीला टेकलेला संवेदक पुरेसा नाजूक असेल तर मेंदूतल्या विजेचा क्षीण गलबलाही पकडता येतो. झोप आणि फिट यांवर नजर ठेवायला म्हणून ही सोय आली, आणि बघता बघता साध्यासुध्या इअरबडमध्येही बसली. आता मेंदूची एक खोड अशी, की आपण कुणाचं बोलणं ऐकू लागलो की मेंदूतल्या संथ लहरी त्या बोलण्याच्या चढउताराबरोबर पावलं टाकू लागतात. जितकं मन लावून ऐकावं तितकी पावलं जुळतात. शंका आली, चीड आली, की पाऊल चुकतं. कानोसा हे चुकणं टिपायचा.

टिपून थांबला असता तर गोष्ट वेगळी. तो बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यापुरता बदलायचा. शब्द तेच ठेवायचे, पण एखादा स्वर केसभर लांबवायचा, थांबा थोडा अलीकडे-पलीकडे सरकवायचा, पट्टी किंचित उतरवायची. जिथे त्या माणसाचं मन निवतं ते वाक्य सावकाश, वजन देऊन यायचं. जिथे त्याचा मेंदू अडखळायचा ते वाक्य घसरगुंडीवरून उतरावं तसं निघून जायचं. एकच भाग हजार जण ऐकत, आणि हजार जणांच्या कानांत तो हजार तऱ्हांनी पडे.

"शब्दाला आम्ही हात लावत नाही, सर," कंपनीची मुलगी पडद्यावरून म्हणाली होती. "फक्त आवाजाला." यंत्रणेच्या तीन पायऱ्या होत्या: स्पष्टता, गोडी आणि पकड. रेहाना पहिलीलाच कशीबशी तयार झाली. कमी ऐकू येणाऱ्यांची सोय होईल, एवढंच तिचं म्हणणं.

पुढे एकदा दिवाळीच्या सुमाराला, लोक भाग अर्ध्यात सोडून जातात याचा आलेख बघून वैतागलेल्या सम्मेदने तिसरी पायरी दाबली. रेहानाला सांगायचं त्याच्या मनात होतं. मग श्रोते वाढू लागले आणि सांगायचं राहून गेलं.

वाढू लागले म्हणजे केवढे. नाशिक, नांदेड, पार दुबईपर्यंत. गावोगावी रविवारच्या बैठका सुरू झाल्या. लोक एकत्र जमत, आपापल्या कानांत बटणं घालत आणि एकाच वेळी तोच भाग ऐकत. मेळाव्याला सभागृह भाड्याने घ्यावं लागलं. सम्मेदने रिक्षाच्या जाहिराती सोडल्या. रस्त्यात लोक थांबवून त्याला म्हणत, दादा, तुम्ही अगदी माझ्या मनातलं बोलता. हे ऐकून माणसाने खरं तर दचकायला हवं. त्याला ते आवडायचं.

दचकली ती रेहाना. "सम्मेदभाऊ, प्रतिक्रिया वाचता का हल्ली?" तिने एकदा विचारलं. "नुसतं 'पटलं', 'पटलं', 'शंभर टक्के पटलं'. कुणी भांडतच नाही. आपण एवढे बरोबर कधीपासून झालो?"

"आपला आवाज पोहोचतोय, मॅडम. त्यात वाईट काय?"

"झाकली चाचणी घेऊ या. निम्म्यांना तुमचा मूळ आवाज, निम्म्यांना कानोशातला."

"त्यात तपासायचं काय? आकडे समोर दिसतायत की. आणि तपासायला म्हणून ऐकवलं तर लोक सहज ऐकणारच नाहीत. परिणामच निघून जाईल."

रेहानाने हजेरीपट उचलला. "हे तुम्ही बाबांची नक्कल करताना म्हणता ना, तेव्हा जास्त चांगलं जमतं," ती म्हणाली आणि वर्गावर निघून गेली. सम्मेदला राग आला. राग आला म्हणून त्याने पुढे विचार केला नाही. जगातल्या प्रत्येक दोऱ्याची आणि अंगाऱ्याची झाकली चाचणी घेणाऱ्या माणसाला आपल्या स्वतःच्या गंडादोऱ्याची तेवढी घ्यावीशी वाटली नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपणहून रेहानाकडे गेला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती एकटी पेपर तपासत होती.

"मॅडम, मी पकड लावलीय. चौगुल्यांचा भाग व्हायच्या आधीपासून."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिने लाल पेनाला टोपण घातलं आणि म्हणाली, "त्यांच्या कानात काय गेलं ते काढता येईल?"

काढता आलं. यंत्रणेत प्रत्येक श्रोत्याचा साचा होता. तो लावला की त्याने ऐकलेला भाग जसाच्या तसा पुन्हा तयार व्हायचा. संध्याकाळी गाद्यांच्या खोलीत दोघं ते ऐकायला बसले. सम्मेदचाच आवाज. 'माणूस एकदा वाकला,' मग थांबा, 'की वाकतच जातो.' वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगावं तसं. आणि त्याच्यापुढचं सगळं, घेऊन जा, सोबत तुमची आहे, हे बोलता बोलता कुणी घड्याळ बघावं इतक्या सहज उरकलेलं. एक अक्षर गाळलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काही लागू नये असं ते होतं.

"आता चाचणी," रेहाना म्हणाली. "पहिली तुमच्यावर."

तिने स्वतःच्या आवाजात दोन छोटी भाषणं ध्वनिमुद्रित केली. एकात कानोसा चालू का ठेवावा, दुसऱ्यात बंद का करावा. त्यांतल्या एकालाच सम्मेदच्या साच्यानुसार पकड लावायची, आणि कुठल्या ते तिच्या एका सहकाऱ्याने नाणं उडवून ठरवलं आणि त्यानेच ती लावली. चिठ्ठी चहाच्या पेल्याखाली. तिलाही ठाऊक नाही, त्यालाही नाही. सम्मेदने इअरबड घातले. काय ठरवायचं ते त्याचं आधीच ठरलं होतं. एवढी लाज वाटल्यावर माणूस दुसरं काय ठरवणार.

दोन्ही ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मला वाटतं, एकदम बंद करणं हा उतावळेपणा होईल. मर्यादा घालून चालू ठेवू. एक तर, लाखो लोकांपर्यंत आपण पोहोचलोय. दुसरं, आपण बंद केलं तरी महाराज लोक करणार नाहीत." त्याच्याकडे आणखीही कारणं होती. सगळी मुद्देसूद होती आणि सगळी त्याला आपली स्वतःची वाटत होती.

रेहानाने पेला उचलून चिठ्ठी उघडली. पकड चालूवाल्या भाषणाला होती.

सम्मेदने कानातली बटणं काढून गादीवर ठेवली. मान वर करायचं त्याच्या जिवावर आलं.

"एकावरून काही सिद्ध होत नाही," रेहाना म्हणाली. ती संख्याशास्त्राची बाई होती आणि मायाळूही होती. पुढचा आठवडाभर तिने जुन्या, भांडखोर श्रोत्यांना एकेक करून बोलावलं आणि तीच चाचणी घेतली. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा बहुतेक सगळे पकड लावलेल्या भाषणाच्या बाजूला पडले होते, आणि प्रत्येकाने हा निर्णय मी विचार करून घेतला असं ठासून सांगितलं होतं.

कानोसा त्याच दिवशी बंद केला. ते सोपं होतं. सगळ्या श्रोत्यांना एक भाग करून हे सांगायचं, हेही ठरलं. अडलं ते चौगुल्यांपाशी.

"त्यांना सांगून काय मिळणार?" सम्मेद म्हणाला. "छायाताई गेल्या. आपण विचार करून ठाम राहिलो, एवढाच त्या माणसाला आधार आहे. तोही काढून घ्यायचा? थोडं सुख वाटतंय तर वाटू दे."

"हे वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडचं म्हणताय, बघा एकदा. सुखाचं खोटं नको, म्हणून आपण इतकी वर्षं लोकांची डोकी खाल्ली. आता आपली पाळी आली तर?"

"मला तोंड नाही दाखवायला, मॅडम."

"मग तसं सांगा. पण भाग बाहेर पडायच्या आधी, घरी जाऊन सांगा."

चौगुले कुपवाडला राहायचे. सम्मेद दुपारी पोहोचला तेव्हा ते दारातल्या तुळशीला पाणी घालत होते. "बाईचं झाड हाय, जगवतोय," ते ओशाळून म्हणाले. सम्मेदला घरी आलेला बघून त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. स्वतः चहा ठेवला, खारी काढली. टीव्हीवर भिंग ठेवलेलं. शेजारच्या फळीवर औषधांचा डबा, आणि त्याच्यावर इअरबडच्या दोन डब्या, एक काळी, एक जांभळी.

चहा पिऊन होईस्तोवर सम्मेदच्याने धीर धरवला नाही. त्याने सांगून टाकलं. कानोसा कसा चालतो, त्याने ती पायरी कधी लावली, कुणाला न विचारता लावली, सगळं. एरवी त्याला वाक्यं सुचायची, आज ती एकमेकांत अडकत होती. चौगुले मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही घेऊन जा म्हणालेलात."

"हो."

"पुरावा काय?"

ते चेष्टा करत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना लागलेली ती सवय होती, आणि ती सम्मेदनेच लावली होती. त्याने फोन काढला, टेबलावर ठेवला आणि मूळ भाग लावला, इअरबडशिवाय, उघड्यावर. खोलीत त्याचा साधा, थोडा घोगरा आवाज उमटला. 'म्हणून तिला नाही म्हणू नका. घेऊन जा तिला.'

"परत लावा," चौगुले म्हणाले.

त्याने परत लावला. तिसऱ्यांदा चौगुल्यांनी स्वतःच बोट लावून मागे नेलं. मग त्यांची नजर फळीवरच्या जांभळ्या डबीवर गेली.

"छाया म्हणालेली मला," ते म्हणाले. "तोच भाग ऐकून उठली आन् म्हणाली, अवं, तुमचे दादाच म्हणत्यात की, घेऊन जा तिला, म्हणून. चेहरा असा फुलला हुता तिचा. मी म्हटलं, कधी म्हणाले? ती म्हणाली, आत्ताच की, मी माझ्या कानानं ऐकलं." त्यांनी काळ्या डबीकडे बोट केलं. "मी बी माझ्या कानानं ऐकलेलं. मी म्हटलं, छाया, देवीपायी मरताना तरी खोटं बोलू नको."

सम्मेदने या माणसाच्या नुकसानीचा हिशेब केला होता. छायाताईंच्या कानातही एक आवाज घातला होता, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला हवं होतं ते तिला सावकाश, वजन देऊन ऐकू आलं होतं. नवऱ्याला हवं ते नवऱ्याला. दोघंही खरं बोलत होती आणि दोघांना खोटं पाडून हा बाहेर टाळ्या घेत फिरत होता.

"मग?" त्याने कसंबसं विचारलं.

"मग काय. परत काढलं नाही तिनं. गप झाली. महिन्याभरानं गेली." चौगुल्यांनी कप उचलून परत खाली ठेवला. "एक सांगा. यंत्र माझ्या मनात हाय तेच वाढवून ऐकवायचं, असं म्हणता न्हवं तुम्ही? म्हणजे तिला न्यायचं नाही, हे माझ्याच मनात हुतं म्हणायचं."

"तसंच काही नाही. दोन्ही असेल. यंत्र एक उचलायचं."

"कुठलं उचलायचं ते तुम्ही ठरवायचा?"

"नाही. ते यंत्र. पण यंत्र मी लावलं." सम्मेदने हात जोडले. आपण हात जोडलेत हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. "मी चुकलो, चौगुले. मंचावर मला तेव्हाच कळलं होतं की मी असं म्हणालो नव्हतो. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून गप्प बसलो. मला माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही."

"मला कशाला सांगताय?" चौगुल्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही मला सांगून मोकळं झाला. मी कुणाला सांगू? तिला सांगाय पायजे, तू खोटं बोलली न्हवतीस. पण गेलेल्या माणसाला ऐकू येत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. आन् ते खरंच हाय. ते पटायला मला यंत्र लागलं न्हवतं."

शेकडो भाग केलेल्या माणसाला एक वाक्य सापडेना. बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली, आणि सम्मेद त्या आवाजाचाही आभारी झाला.

निघताना चौगुले दारापर्यंत आले नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "पोरगी तुमचं ऐकती अजून. पुण्यात असती. तिला मी सांगितलंय, तुझी आई शेवटाला खोटं बोलली म्हणून. मेव्हणीला बी तेच सांगितलंय. तेवढं नीट करा. नाव घेऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेहाना तास बुडवून गाद्यांच्या खोलीत आली. सम्मेदने रात्रीतून लिहून काढलं होतं. माइक चालू केला आणि सुरुवात केली: "मित्रांनो, आज मला तुमच्यासमोर मान खाली घालून एक कबुली द्यायची आहे. गेली दहा वर्षं मी..."

"थांबा," रेहाना म्हणाली. "परत तुमच्यापासूनच?"

तिचं बरोबर होतं. लाजेतही त्याने स्वतःलाच मधोमध बसवलं होतं, आणि त्यासाठी आवाजही कमावून काढला होता, अगदी जाहिरातीतल्यासारखा. यंत्र बंद केलं तरी त्याच्या गळ्यात एक होतंच. कागद त्याने उलटा करून ठेवला.

हे ऐकून बहुतेक लोक निघून जातील, हे दोघांना माहीत होतं. रविवारच्या बैठका मोडतील. महाराज लोक वर्षभर हसतील, आणि त्यांच्या हसण्यात खोट काढता येणार नाही. खाली प्रतिक्रियांत मारामारी होईल. मारामारीचा विचार आला तेव्हा रेहाना जराशी हसली, तेवढंच.

सम्मेदने पाणी प्यायलं आणि पुन्हा माइकपाशी तोंड नेलं.

"छाया सर्जेराव चौगुले खरं बोलत होत्या," तो म्हणाला.

'खरं' म्हणताना त्याचा घसा बसला आणि शब्द फाटला. रेहानाने हात वर करून खूण केली, राहू दे, कापत नाही. मग तो थांबला. तो थांबा तेवढाच राहणार होता, छायाताईंच्या पुण्यातल्या मुलीच्या कानात आणि बाकी सगळ्यांच्याही.